विषाणूचा चरबीचा अंगरखा आणि आपले पाणी

"कोरोना गेला. आता त्याचं काय घेऊन बसलात?" कळसाडीच्या वस्तीत आरोग्यावर बोलायला बसलो, तेव्हा एका आजींनी विचारले. प्रश्न रास्तच होता. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्यालाही काळ लोटला. मी उलट विचारले, आजी, तेव्हा दिवसातून दहा वेळा हात धुवा म्हणत होते, ते साबणानेच का? नुसत्या पाण्याने का नाही? आजींना सांगता आले नाही, बारावी झालेल्या पोरांनाही नाही. यात दोष त्यांचा नाही. आपल्या वस्त्यांना हुकूम मिळाला, कारण मिळाले नाही. कारण न कळता पाळलेला नियम साथीबरोबरच विसरला जातो.

कारण चरबीत आहे. कोरोनाचा विषाणू म्हणजे आत आरएनएचा एक धागा आणि वर चरबीचा पातळ अंगरखा. त्या अंगरख्यातून काटे बाहेर आलेले असतात. गंमत अशी की हा अंगरखा त्याचा स्वतःचा नाही. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीला चरबीचे पडदे असतात, काडीसारख्या बारीक माणसाच्या पेशीलाही. विषाणू पेशीत तयार होताना तिच्याच आतल्या पडद्याचा तुकडा पांघरून घेतो. आता तेलकट कढई आठवा. नुसत्या पाण्याने ती निघत नाही, साबण लागला की तेल सुटते. साबणाच्या कणाचे एक टोक चरबीला धरते, दुसरे पाण्याला. विषाणूचा अंगरखा तसाच उसवतो, आणि अंगरख्याशिवाय विषाणू निकामी. त्याला वीस सेकंद द्यावे लागतात. महागड्या जंतुनाशकाची गरज नाही, कपडे धुण्याची वडीही चालते.

पण विषाणू नाकातोंडातून आत गेला तर? त्याचे काटे पेशीवरच्या एका ठरावीक जागी अडकतात, पडद्याला पडदा चिकटतो आणि धागा आत शिरतो. मग पेशीचा कारखाना त्याच्या ताब्यात. ती आपले काम सोडून विषाणूच्या प्रती काढत बसते. त्यासाठी तिच्याच चरबीचे फुगे तयार होतात, चरबीचे थेंब साठतात आणि शेवटी पेशी मरते.

फुप्फुसात हे सर्वांत महाग पडते. फुप्फुसात कोट्यवधी बारीक हवेचे फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. आतून ते ओले. ओला प्लास्टिकचा कागद स्वतःलाच चिकटतो, तसे हे फुगेही श्वास सोडताना मिटून चिकटले असते. ते चिकटू नयेत म्हणून तिथल्या काही पेशी एक लेप तयार करतात. हा लेप बहुतांश चरबीचाच. पूर्ण दिवस न भरता जन्मलेल्या बाळाला धाप लागते, पेटीत ठेवावे लागते, ते पुष्कळदा हा लेप तयार झालेला नसतो म्हणून. कोरोना नेमक्या याच लेप करणाऱ्या पेशींवरही हल्ला करतो. लेप कमी पडला की फुगे मिटतात, सूज येते, पाणी भरते, रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही.

आणि हे कळत नाही, हे सर्वांत वाईट. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे मोठे काका खाटेवर बसून भाकरी खात होते, गप्पा मारत होते. आम्ही काढा देत होतो, वाफ देत होतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा ऐंशीच्या खाली होता. तो चार दिवस आधी लावता आला असता. काका परत आले नाहीत. काढ्याला मी दोष देत नाही, पण काढ्याने वायुकोश उघडत नाहीत, आणि त्यावर विसंबून आम्ही चार दिवस घालवले.

त्या बैठकीत एकाने विचारले, मग तेल-तूप बंद करायचे का? नाही. पेशीच्या पडद्याची चरबी ताटातल्या चमचाभर तेलाने ठरत नाही. लठ्ठपणा आणि साखर असलेल्यांना हा आजार जड गेला, हे मात्र खरे. दुसरी गोष्ट स्टिरॉइडची. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत दिसले की डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवर असलेल्यांचे मृत्यू कमी झाले, ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा दिसला नाही. आपल्याकडे साध्या तापालाही त्या गोळ्या वाटल्या गेल्या. पुढच्या वर्षी काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती डोळे गेले ते आपण पाहिले. साखर आणि स्टिरॉइड ही जोडी त्यात पुष्कळदा होती. चिठ्ठीत काय लिहिले आहे ते विचारा. विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

आपल्या नंदुरबारने तेव्हा एक गोष्ट वेळेवर केली. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट उभारायला घेतले, म्हणून २०२१ मध्ये मोठमोठी शहरे सिलिंडरसाठी धावत असताना या आदिवासी जिल्ह्याची चर्चा देशभर झाली. पण प्लांट असतो दवाखान्यात. तिथवर वेळेत पोहोचायचे तर आकडा घरी कळायला हवा. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार येऊन बोटाला यंत्र लावत होत्या. मोहीम संपली, यंत्र गेले.

म्हणून माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न आरोग्याचा म्हणून मांडा. एक दिवसाआड नळ येणाऱ्या वस्तीला वीस सेकंद हात धुवा सांगणे ही थट्टा आहे. चवदार तळ्याचे पाणी माणसासाठी मोकळे व्हावे म्हणून १९२७ मध्ये ज्यांची माणसे महाडला गेली, त्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. आणि वर्गणी काढून विहारात एक ऑक्सिमीटर ठेवा. खोकला-ताप असेल तर दिवसातून तीनदा लावा, नखावर रंग किंवा मेंदी नको, बोट गार नको. आकडा ९४ च्या खाली दिसला तर परत एकदा बघा आणि तसाच असेल तर निघा. सेल मात्र काढून वेगळे ठेवा, आमच्याकडचे यंत्र सेल गंजून एकदा बंद पडले आहे.