हुर्यो कुणाची आणि कशासाठी?

विरारहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये पाय टेकायला जागा नसली तरी चालते, पण क्रिकेटवर स्वतःचे मत नसेल तर चालत नाही. वसई ते चर्चगेट हा तास-सव्वा तासाचा प्रवास आमच्या दोन पिढ्यांनी भारतीय संघाची निवड करण्यात घालवला आहे. भाईंदरच्या खाडीपुलावर गाडी आली की सलामीची जोडी ठरते, बोरिवलीला मधली फळी पक्की होते आणि दादरला गर्दी उतरेपर्यंत कप्तानाची उचलबांगडी झालेली असते. निवड समितीला मानधन मिळते, आम्ही पासाचे पैसे भरून तेच काम करतो, एवढाच काय तो फरक.

यात आमचा थोडाफार हक्कही आहे, असे आम्ही समजतो. विरारचा पृथ्वी शॉ याच गाडीच्या गर्दीतून क्रिकेटची बॅग सांभाळत मुंबई गाठत असे. 2013 साली हॅरिस शील्डमध्ये त्याने 546 धावा केल्या, तेव्हा वसईपासून विरारपर्यंतच्या प्रत्येक डब्यात 'आपल्या पोराने केल्या' असेच लोक सांगत होते. शार्दूल ठाकूर तर त्याच्याही पुढचा, पालघरजवळच्या माहीमचा. 'पालघर एक्स्प्रेस' हे त्याचे टोपणनाव त्याच्या चेंडूच्या वेगावरून जितके पडले, तितकेच या प्रवासावरूनही. तेव्हा क्रिकेट म्हणजे आमच्यासाठी केवळ टीव्हीवरचा तमाशा नव्हे. ते फलाटावरचे, ओळखीचे, घामाचे क्रिकेट आहे.

डब्यातले वाद बहुतेक हसण्यावारी जातात. पण गेल्या काही वर्षांत एक वाद पुन्हा पुन्हा निघतो आणि तो तितका हसण्यासारखा राहिलेला नाही. तो म्हणजे प्रेक्षकाने ओरडावे किती आणि कशावर?

या वादाला सर्वांत जास्त रंग चढला तो 2024 च्या उन्हाळ्यात. मुंबई इंडियन्सला पाच वेळा विजेतेपद मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी 2023 च्या डिसेंबरात हार्दिक पंड्याला कप्तान केले गेले. संघात दोन तट पडले की नाही, ते आत बसलेल्यांनाच ठाऊक. पण आमच्या डब्यात मात्र उभी फूट पडली. 1 एप्रिल 2024 रोजी मुंबईचा घरचा पहिला सामना वानखेडेवर झाला. नाणेफेकीला हार्दिकचे नाव पुकारताच सगळ्या स्टेडियममधून त्याची हुर्यो उडाली. सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरला प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावे लागले. पुढे खेळ चालू असताना खुद्द रोहितनेच सीमारेषेजवळून हाताने थांबायची खूण केली. ज्याच्या कैवाराने गर्दी ओरडत होती, त्यालाच ते ओरडणे नको होते!

दुसऱ्या दिवशी गाडीत बँकेतले एक काका म्हणाले, "तिकिटाचे पैसे मोजलेत, ओरडणारच. नाटक पडलं तर लोक पूर्वी अंडी मारायचे." कॉलेजात जाणारा एक मुलगा म्हणाला, "काका, पण त्याचा गुन्हा काय? मालकांनी कप्तान केलं, तो झाला." दोघांनाही पाठीराखे होते. निकाल मात्र त्यानंतर तीन महिन्यांनी लागला. 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक हार्दिकने टाकले, भारत 7 धावांनी जिंकला आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. बँकेतले काकाही तेव्हा टाळ्या वाजवत होते, हे मी सांगितलेले त्यांना आवडणार नाही.

मला विचाराल तर या प्रकारच्या हुर्योत फार वाईट काही नाही. अन्याय होतो, मने दुखावतात, पण त्यात उतारा आहे. 2006 साली इंग्लंडविरुद्ध अवघी 1 धाव काढून परतणाऱ्या सचिनची याच मैदानावर काही लोकांनी हुर्यो उडवली होती आणि 2013 साली त्याच मैदानावर त्याला निरोप देताना लोक ढसाढसा रडले. खेळावरून उठलेला राग चांगल्या खेळाने धुऊन निघतो. फटका चुकला, झेल सुटला, कप्तानाने क्षेत्ररचना चुकवली, तर ओरडा. उद्या तो माणूस हे सगळे सुधारू शकतो. तुमचा आवाज त्याच्या कामाबद्दल असतो.

पण याच वानखेडेवर 2007 साली जे झाले, ते या जातीचे नव्हते.

त्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात एकदिवसीय सामने खेळत होता. त्यात अँड्र्यू सायमंड्स होता. त्याच्या जन्मदात्यांपैकी एक वेस्ट इंडियन वंशाचे. ओठांना पांढरा रंग, मोकळे सोडलेले केस आणि बिनधास्त खेळ यांमुळे पोरांना एरवी तो आवडायचा. 11 ऑक्टोबरला वडोदऱ्यात सीमारेषेवर उभा असताना प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने माकडाचे आवाज निघाले. असे काही घडलेच नाही, असे आपल्याकडे आधी सांगितले गेले. मग 17 ऑक्टोबरला मुंबईत सामना झाला. सायमंड्स शून्यावर बाद झाला आणि स्टँडमधून पुन्हा तेच आवाज आले. या वेळी छायाचित्रकारांनी हातवारे करणारी माणसे टिपली आणि वर्तमानपत्रांनी ती छापली. काही प्रेक्षकांना बाहेर काढून त्यांच्यावर कारवाई झाली. सामना आपण 2 गडी राखून जिंकला. मुरली कार्तिकने 27 धावांत 6 बळी घेतले होते. पण तो पराक्रम आज कुणाला चटकन आठवत नाही, ती छायाचित्रे आठवतात.

तेव्हा गाडीत ऐकलेली समर्थने मला अजून तोंडपाठ आहेत. एक गृहस्थ म्हणाले, "आपण मारुतीला पुजतो. आपल्याकडे माकड म्हणणं ही शिवी कशी होईल?" हा युक्तिवाद ऐकायला मोठा धार्मिक वाटतो. पण वाचकहो, काखा खाजवत उड्या मारणारा तो प्रेक्षक काही सायमंड्सला शेंदूर लावायला निघाला नव्हता. मारुतीला आपण हात जोडतो, त्याच्या नकला करत नाही. दुसरे म्हणाले, "ऑस्ट्रेलियाचे लोक काय कमी शिव्या देतात?" देतात, यात शंका नाही. पण शेजाऱ्याच्या ओसरीवर घाण आहे म्हणून कुणी आपल्या ओसरीवर घाण आणून टाकत नाही.

पुढच्याच जानेवारीत सिडनीच्या कसोटीत हरभजन सिंगवर सायमंड्सला 'माकड' म्हटल्याचा आरोप झाला. तीन कसोट्यांची बंदी आली, अपील झाले आणि वांशिक शेरेबाजीचा आरोप सिद्ध झाला नाही. अपशब्द वापरल्याबद्दल सामन्याच्या मानधनाचा अर्धा भाग दंड झाला. आपला खेळाडू सुटला म्हणून आपण फटाके वाजवले. पण तो निकाल हरभजनपुरता होता. वडोदरा आणि मुंबईच्या प्रेक्षकांना त्यातून कुणी निर्दोष ठरवले नव्हते. दोघे खेळाडू 2011 साली मुंबई इंडियन्सच्या एकाच संघात खेळले. सिडनीच्या त्या प्रकरणापासून आपली घसरण सुरू झाली, दारू वाढली, असे सायमंड्सने नंतर एका मुलाखतीत सांगितले. 2022 च्या मे महिन्यात मोटार अपघातात तो गेला, वयाच्या 46 व्या वर्षी. त्याची क्षमा मागायची राहिली असेल, तर आता मागायलाही तो नाही.

सिडनीनेच 2021 च्या जानेवारीत आपल्याला दुसरी बाजू दाखवली. मोहम्मद सिराज सीमारेषेवर उभा होता. त्याचे वडील नोव्हेंबरात हैदराबादला वारले होते आणि तो दौरा सोडून घरी गेला नव्हता. त्याला आणि जसप्रीत बुमराहला प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या. विराट कोहली मायदेशी परतल्यामुळे डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे कप्तान होता. त्याने पंचांकडे तक्रार नेली, खेळ काही मिनिटे थांबला. हवे तर मैदान सोडा, असे पंचांनी सुचवले, तेव्हा 'आम्ही काही चूक केलेली नाही, आम्ही का जाऊ?' अशी भूमिका रहाणेने घेतल्याचे सिराजने पुढे सांगितले. तो सामना आपण अनिर्णित राखला, आठवड्याभरात ब्रिस्बेन जिंकले आणि तिथे दुसऱ्या डावात सिराजने 5 बळी घेतले.

त्या दिवसांत आमच्या डब्यात कोण संताप होता! 'गोऱ्यांची मस्ती' याच्या खाली कुणी बोलत नव्हते. 2007 चे नाव मात्र कुणी काढले नाही. शिवी आपल्या पोराला लागली की वंशद्वेष, आणि आपल्या तोंडून निघाली की थट्टा. हा न्याय सोयीचा आहे, पण न्याय नाही. रहाणेला मात्र तो न्याय मान्य नसावा. मुंबईला परतल्यावर त्याच्यापुढे कांगारू असलेला केक आला, तर त्याने तो कापायला नकार दिला. ते प्रतिस्पर्ध्यांचे राष्ट्रीय प्रतीक आहे, त्याचा मान ठेवला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. शिव्या खाऊन आलेल्या कप्तानाला हे सुचले, याला मी त्या मालिकेतला मोठा विजय मानतो.

आता खरा प्रश्न. हे आवाज स्टेडियममध्ये येतात कुठून? ते तिकिटाबरोबर वाटले जात नाहीत. ते आपण घरून डब्यासारखे बांधून नेतो. सावळे मूल जन्मले की आपण त्याला लाडाने 'काळू' म्हणतो, सुनेचा रंग पाहतो, लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' लिहायला विसरत नाही. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी हैदराबादच्या आयपीएल संघात होता, तेव्हा त्याचे सहकारी त्याला 'काळू' म्हणत. त्या शब्दाचा अर्थ त्याला 2020 साली कळला आणि तो दुखावला. आम्ही प्रेमाने म्हणत होतो, असे एका सहकाऱ्याने त्याला सांगितले. ते खरेही असेल. पण ज्याला शब्दाचा अर्थ सांगितलेला नाही, त्याच्यावर केलेले प्रेम हे कसले प्रेम? आपल्याच अभिनव मुकुंदने 2017 साली जाहीरपणे लिहिले की लहानपणापासून त्वचेच्या रंगावरून त्याला टोमणे ऐकावे लागले. हे टोमणे काही परदेशी प्रेक्षकांचे नव्हते.

आणि ही आजची गोष्ट नाही. पुण्यात पालवणकर बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर संघ सामने जिंकत होता, पण ते चर्मकार समाजातले म्हणून त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. हिंदूंच्या संघाचे कप्तानपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते 1923 साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. संघातला ताण म्हणून आपण आज ज्याची चवीने चर्चा करतो, तो तेव्हा चहाच्या भांड्यापर्यंत पोचलेला होता.

आमच्या वसई-विरारपुरते बोलायचे, तर ही परीक्षा आम्हाला रोजच द्यावी लागते. पृथ्वी शॉचे घराणे मूळचे बिहारमधल्या गयेकडचे. 2018 साली त्याच्या नेतृत्वाखाली 19 वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला, त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने 134 धावा केल्या, तेव्हा तो निर्विवाद 'विरारचा' होता. त्याच गयेहून आलेला दुसरा कुणी दारात उभा राहिला तर तो 'भय्या' ठरतो आणि धक्का खातो. नालासोपाऱ्यात काही वर्षांपासून नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतून आलेली माणसे राहतात. त्यांतल्या कुणी गुन्हा केला तर त्याला पोलीस आहेत, कोर्ट आहे. पण फलाटावरून निमूट चाललेल्या माणसाच्या पाठीमागे जे आवाज उठतात, ते गुन्ह्यावर नसतात, रंगावर असतात. त्या आवाजात आणि 2007 च्या वानखेडेवरच्या आवाजात मला तरी फरक करता आलेला नाही. ज्या सोपाऱ्याच्या बंदरात दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशीचे व्यापारी उतरत, त्या गावाला हे शोभत नाही.

मग प्रेक्षकाने तोंडाला कुलूप लावून बसायचे का? मुळीच नाही. मुक्याने पाहायचे तर क्रिकेट कशाला, बुद्धिबळ आहे की! मी स्वतःपुरता एक साधा नियम ठेवला आहे. ज्यावर मी ओरडतो आहे, ते त्या खेळाडूला घरी जाऊन सुधारता येईल का? चुकीचा फटका सुधारता येतो, कप्तानाची चाल सुधारता येते. रंग, जात, धर्म, गाव सुधारता येत नाही, कारण त्यात सुधारण्यासारखे काही नसतेच. पहिल्यावर खुशाल ओरडावे, दुसऱ्यावर तोंड उघडू नये.

दुसरी गोष्ट शेजारच्या खुर्चीची. 2021 च्या सिडनीत सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढले होते. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने चौकशीअंती वर्णावरून शिवीगाळ झाल्याचे मान्य केले, पण ती करणारे हे सहा जण नव्हेत, असेही सांगितले. खरे दोषी मंडळाला शोधता आले नाहीत. कॅमेरे होते, पहारेकरी होते. पण शिवी कुणी दिली हे पक्के ठाऊक असते ते फक्त शेजारी बसलेल्याला. त्याने मान दुसरीकडे वळवली की गर्दीला चेहरा उरत नाही. त्याने नुसते "अरे, काय बोलतोयस?" म्हटले, तर दहातले नऊ जण ओशाळून गप्प होतात, कारण अशा माणसाला धीर असतो तो आजूबाजूच्या हसण्याचाच. आपण हसलो नाही की त्याचा आवाज एकटा पडतो.

रात्रीचा सामना संपला की वानखेडेवरून चर्चगेटला धावत सुटणाऱ्या लोंढ्यात आमच्या बाजूची पोरे पुष्कळ असतात, शेवटची विरार लोकल पकडायची म्हणून. घसा बसलेला, गालावर तिरंगा, खांद्यावर झेंडा. त्या पोरांचा घसा दर सामन्याला बसावा, अशीच माझी इच्छा आहे. फक्त तो कशाने बसला, हे घरी गेल्यावर आईने विचारले तर त्यांना खरे सांगता यावे.