अतिभार हीसुद्धा हिंसाच



आमच्या मुकुंदवाडीला लागूनच चिकलठाण्याची एमआयडीसी. शिफ्ट, टार्गेट, ओव्हरटाइम हे शब्द इथे घरोघरी. हल्ली आणखीही काही कानावर येतं. रविवार संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो, फोन वाजला की छाती धडधडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ईसीजी मात्र नॉर्मल! मग घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." पण हे महिनोन्महिने चाललं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर तो चिंताविकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत.

2024 च्या जुलैमध्ये पुण्यात अ‍ॅना सेबॅस्टियन ही 26 वर्षांची सी.ए. मुलगी गेली. अर्न्स्ट अँड यंग समूहात लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. नोकरी लागल्यावर लवकरच तिला चिंता आणि निद्रानाश सुरू झाला, असं तिच्या आईनं कंपनीला पत्रात लिहिलं. मृत्यू कामाच्या ताणानं झाला, हे कंपनीनं मान्य केलं नाही.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकतो. त्यातला एक अतिभारारोपण, म्हणजे जिवाच्या ताकदीपेक्षा जास्त ओझं लादणं. दुसरा अन्नपाननिरोध. बैलाच्या बाबतीत हे आपल्याला चटकन पटतं. मग जेवायलाही उठू न शकणाऱ्या माणसाचं काय? आपल्यातल्या कितीतरी घरांत दुकानं आहेत, गोदामं आहेत, लहानमोठे कारखाने आहेत. पाणी गाळून पिणारे आपण, रात्री अकराला नोकराला फोन करताना कचरत नाही.

"असं केलं तर धंदा कसा चालायचा?" असं कुणी म्हणेल. मी कॉमर्सची पदवीधर, हिशेबानंच उत्तर देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंतेमुळे जगात दरवर्षी कामाचे 12 अब्ज दिवस बुडतात. थकलेला माणूस चुका करतो, शेवटी नोकरी सोडतो. नवा माणूस शिकवण्याचा खर्च मालकाच्याच खात्यावर पडतो.

48 मिनिटांच्या सामायिकानं मन स्थिर होतं, हे खरंच. पण लादलेलं ओझं त्यानं उतरत नाही, ते लादणाऱ्यानंच उतरवायला हवं. ज्याला त्रास होतोय त्यानं लाजू नये. टेली-मानसच्या 14416 या सरकारी नंबरवर मोफत बोलता येतं.

संवत्सरीला आपण नोकरांनाही हात जोडून क्षमा मागतो. यंदा हात जोडण्याआधी त्यांचे कामाचे तास मोजून बघा.