वीस रुपयांचं रबर वाचवून धंदा वाढत नाही



मागच्या व्हिडिओत आपण कार अॅक्सेसरीजचं दुकान टाकायला काय काय लागतं ते बघितलं. जागा, माल, एक चांगला फिटर, सगळं आलं त्यात. एक विषय मात्र मी मुद्दाम आजसाठी ठेवला होता. अँप्लिफायरची जाड पॉवर केबल बोनेटखालून गाडीच्या आत आणताना फायरवॉलमधून कशी काढायची?

तुम्ही म्हणाल, सर, हे फिटरचं काम. मालकानं यात कशाला डोकं घालायचं? माझं मत उलटं आहे. ज्याला हे दुकान चालवायचंय त्यानं आधी हे एक भोक समजून घ्यावं. शटरवरचा बोर्ड नंतर रंगवला तरी चालेल.

माझ्या जुन्या बॅचमधला एक मुलगा आहे. तालुक्याच्या गावात दुकान, हात चांगला, बोलणं गोड. पहिल्या वर्षी लग्नसराईत त्यानं धडाधड वूफर बसवले. पावसाळ्यात एक गाडी परत आली. तक्रार काय, तर पायाखालचं कार्पेट ओलं होतंय. त्यानं कार्पेट उचललं, वायर ओढून बघितली आणि हातातला पाना खाली ठेवला. फायरवॉलच्या पत्र्यानं वायरचं प्लास्टिक कापत आणलं होतं. एका जागी आतलं तांबं चमकत होतं. फ्यूज होता, पण मागे डिक्कीत, अँपजवळ.

हे का भयंकर आहे ते समजून घ्या. बहुतेक गाड्यांत बॅटरी बोनेटखाली असते आणि अँप सीटखाली किंवा डिक्कीत. मध्ये पत्र्याची भिंत. तिला फायरवॉल म्हणतात, कारण इंजिनाकडची उष्णता, धूर आणि आग माणसांपर्यंत येऊ नये म्हणून ती आहे. आपण तिलाच भोक पाडतो आणि त्यातून बॅटरीचा प्लस नेतो. गाडीची अख्खी बॉडी मायनस. म्हणजे प्लस आणि मायनसच्या मध्ये फक्त वायरवरचं प्लास्टिक उरतं. पत्र्याच्या भोकाची कड सुरीसारखी असते आणि गाडी रोज थरथरते. आपल्या रस्त्यांवर तर जरा जास्तच!

कड तांब्याला टेकली की शॉर्ट. फ्यूज मागे डिक्कीत असेल तर त्याचा काही उपयोग नाही, कारण करंट तिथपर्यंत जातच नाही. बॅटरीतून निघतो आणि फायरवॉलवरच बॉडीत उतरतो. शॉर्ट झाल्यावर गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. वायर लाल होते, प्लास्टिक पेटतं, शेजारी कार्पेट आणि इतर वायरी असतातच.

"बारा व्होल्टनं काय होतंय?" हे वाक्य तुम्ही प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकाल. शॉक लागत नाही हे खरं. पण आग व्होल्ट विचारून लागत नाही. साधा हिशोब करा. ५०० वॉट आरएमएसचा क्लास डी अँप आहे, त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरा. म्हणजे तो बॅटरीकडून ६२५ वॉट मागणार. त्याला १३.८ व्होल्टनं भागा. साधारण ४५ अँपिअर. तुमच्या घरातला दोन हजार वॉटचा गीझर नऊच्या आसपास घेतो. म्हणजे गीझरच्या पाचपट करंट तुम्ही गिऱ्हाइकाच्या पायाखालून नेताय.

आता योग्य काम कसं असतं ते लिहून ठेवा. फिटर तुमचा असला तरी तपासणारे तुम्ही आहात.

सुरुवात बॅटरीची मायनस वायर काढून करायची. ती जोडायची सगळ्यात शेवटी. मग नवीन भोक पाडण्याआधी जुनी वाट शोधायची. बऱ्याच गाड्यांत कंपनीच्या वायरिंगचं मोठं रबरी ग्रोमेट असतं किंवा रिकामं, बूच लावलेलं भोक असतं. तिथून वायर निघत असेल तर ड्रिल मशीनला हात लावायचा नाही. नाहीच निघाली, तर दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून बघायचं. पलीकडे ब्रेकचा बूस्टर आहे का, एसीचा पाइप आहे का, वायरिंगचा जुडगा आहे का. खात्री झाल्यावरच होल मारायचं. मग कड कानशीनं घासायची, गंज लागू नये म्हणून रंग लावायचा, मापाचं ग्रोमेट बसवायचं आणि वायर गेल्यावर सिलिकॉन भरायचं. बोनेटच्या बाजूला वायर भोकाच्या थोडी खाली झुकवून मग वर न्यायची, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोक्यावरून खाली ठिबकतं, आत येत नाही. इंजिनजवळच्या भागात वायरवर कॉन्डुइट पाइप चढवायचा आणि जागोजागी क्लिपनं बांधायचं.

आणि फ्यूज बॅटरीपासून अठरा इंचांच्या आत. वायरनं मोजलेले अठरा इंच. हा फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा वायर किती करंट झेलते त्यावर ठरतो. अँपच्या बॉक्सवर छापलेल्या मोठ्ठ्या वॉटवर ठरत नाही. वायर घेताना ती शुद्ध तांब्याची आहे की अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, हे विचारा. मुलाम्याची वायर स्वस्त असते, पण त्याच जाडीत करंट कमी झेलते. ती वापरायचीच असेल तर जाडी वाढवा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न. सर, समोरचा दुकानदार बाराशेत फिटिंग करतो, मी अठराशे कसे मागू?

आकडे मांडू. समजा तुमचे वरचे सहाशे असे आहेत: ग्रोमेट वीस, फ्यूज आणि होल्डर अडीचशे, कॉन्डुइट-क्लिपा ऐंशी, म्हणजे साडेतीनशेचा माल, आणि अडीचशे जास्तीच्या तासाभराच्या मजुरीचे. महिन्याला वीस फिटिंग येणार होत्या. भाव ऐकून पाच गिऱ्हाइकं समोर गेली. उरली पंधरा. साडेतीनशेचा माल वजा करून प्रत्येकी साडेचौदाशे, म्हणजे २१,७५०. समोरच्यानं बाराशेनं वीस केल्या असत्या तर २४,०००. तुम्हाला महिन्याला सव्वादोन हजार कमी मिळाले. वर्षाचे सत्तावीस हजार.

मी हे लपवत नाही. "दर्जा द्या, पैसा आपोआप येतो" असं सांगणारे पुष्कळ आहेत. आपोआप काही येत नाही. सुरुवातीला हे सत्तावीस हजार खिशातून जातील अशीच तयारी ठेवा. पण एका गाडीचं वायरिंग जळालं तर तेवढ्यात भागेलच असं नाही. आणि गाडीत त्या वेळी कुणाचं पोर मागच्या सीटवर झोपलेलं असेल, तर कुठल्याच वहीत तो हिशोब बसत नाही.

हे सव्वादोन हजार कमी करण्याचा मार्ग आहे: न दिसणारं काम दाखवा. कार्पेट बंद करण्याआधी ग्रोमेटचा आणि फ्यूजचा फोटो काढा, गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. बिलात "फिटिंग १८००" असं एका ओळीत लिहू नका. फ्यूज वेगळा, ग्रोमेट वेगळं, मजुरी वेगळी. गिऱ्हाईक घासाघीस करेल, करू दे. वूफरच्या मार्जिनमध्ये शंभर-दोनशे सोडा. फ्यूजमध्ये सोडू नका. "फ्यूज नको, तसंच जोडा" म्हणाला तर चहा पाजा आणि हात जोडा. ते काम तुमचं नाही. गाडी वॉरंटीत असेल तर फिटिंगचा वॉरंटीवर काय परिणाम होतो ते सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्यायला सांगा, आणि बसवलेली सिस्टिम विमा कंपनीला कळवायलाही सांगा.

त्या मुलाचं पुढे काय झालं? त्याच पद्धतीनं त्यानं एकूण अकरा गाड्या केल्या होत्या. वहीत नंबर होते. त्यानं एकेकाला फोन लावला आणि सरळ सांगितलं, "दादा, माझ्याकडून चूक झालीय, गाडी घेऊन या, पैसे लागणार नाहीत." एकानं शिव्या घातल्या. तरी नऊ गाड्या आल्या. दोन गाड्या मधल्या काळात विकल्या गेल्या होत्या, नवे मालक कोण ते कळलं नाही. त्या दोन गाड्यांचा विषय निघाला की तो आजही गप्प होतो.

तुम्ही अजून दुकान उघडलेलं नाही. तुमच्या वहीत अशी एकही गाडी नाही. पहिल्या गाडीपासून ती तशीच राहू द्या.

या आठवड्याचं काम: ओळखीच्या फिटरजवळ तासभर उभं राहा आणि फायरवॉलमधून वायर कशी काढतो ते बघा. त्यानं ग्रोमेट घातलं का, फ्यूज कुठे लावला, लिहून आणा. पुढच्या भागात त्यावरून आपण तुमचं रेटकार्ड बनवू.