कोण करणार आणि कधीपर्यंत?

जून आला की प्रत्येक शाळा पालकांना काही ना काही कळवते. सत्र कधी सुरू होणार, पुस्तके कधी मिळणार, गणवेश कोणता, आणि शेवटी 'यंदा शाळेत होणाऱ्या सुधारणा'. माझे म्हणणे या शेवटच्या भागाबद्दल आहे. माझ्या मते प्राथमिक शाळेच्या सुधारणांच्या यादीत प्रत्येक कामापुढे ते कोण करणार आणि कधीपर्यंत करणार हे लिहिलेले असावे. त्याच्याही आधी गेल्या वर्षीच्या यादीतले काय झाले आणि काय राहिले, हे दोन ओळींत सांगावे. तसे नसेल तर ती यादी शुभेच्छापत्रासारखी होते.

आमचे घर रायपूरला गुढियारीत आहे. रेल्वे स्टेशनच्या पलीकडचा, ठोक बाजाराचा हा भाग. आजोबा गोंदियाकडून कामासाठी इथे आले, बाबा बाजारात एका दुकानाचा हिशेब लिहितात. माझी धाकटी बहीण घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत यंदा तिसरीत गेली. छत्तीसगडमध्ये शाळा साधारण १६ जूनला उघडतात आणि 'शाला प्रवेशोत्सव' होतो. नव्या मुलांना टिळा लावतात, गोड खायला देतात, पुस्तके वाटतात. मी सुट्टीत घरी होतो, म्हणून शाळेतून आलेला कागद मला वाचायला मिळाला.

बातम्या चांगल्या होत्या. भिंती रंगवल्या होत्या, पाण्याची नवी टाकी बसली होती. एक बाई बदलून गेल्या आणि दुसऱ्या आल्या, हे मात्र अर्ध्या ओळीत उरकले होते. २०२५ मध्ये राज्य सरकारने शाळा आणि शिक्षकांचे 'युक्तियुक्तकरण' केले, म्हणजे एकाच आवारातल्या शाळा एकत्र केल्या आणि शिक्षकांची नव्याने वाटणी केली. त्यामुळे आपल्या मुलाला यंदा कोण शिकवणार हा घराघरातला पहिला प्रश्न होता. नंतर सुधारणा होत्या, एकूण अकरा. 'गुणवत्ता में वृद्धि', 'उपस्थिति में सुधार', 'पालकों की सहभागिता' अशा. आईने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "लिहिलं तं बरंच हाय, पन करनार कोन?"

आईने हे विचारण्याला कारण आहे. ती गेल्या वर्षापासून त्या शाळेच्या शाला प्रबंधन समितीची सदस्य आहे. महाराष्ट्रात हिलाच शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात. वर्षभरात तिला दोनदा बोलावणे आले, दोन्ही वेळा रजिस्टरवर सही झाली आणि चहा झाला. अकरा सुधारणा कोणत्या बैठकीत ठरल्या हे तिला माहीत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. या समितीची कामे कायद्यात लिहिलेली आहेत. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, मिळालेल्या पैशाचा वापर पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे. कलम २२ सांगते की सरकारने शाळेला द्यायच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल. म्हणजे जो कागद आईच्या हातात छापून आला, तो तिने आणि तिच्यासारख्या पालकांनी शिक्षकांसोबत बसून लिहायचा होता.

पैशाचेही तसेच आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान ठरलेले आहे. ३१ ते १०० मुले असतील तर २५ हजार रुपये, १०१ ते २५० असतील तर ५० हजार, आणि त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेसाठी. हे आकडे आईला सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले की मग मुलींच्या संडासाची कडी दोन वर्षांपासून तुटलेली का आहे. अकरा कलमांत कडी नव्हती. मला वाटते, पालकांनी यादी केली असती तर ती पहिल्या क्रमांकावर आली असती.

आपल्या शाळेतून सत्राच्या सुरुवातीला जे पत्र घरी जाते ते आठवा. बनियन सहा, मोज्यांचे जोड चार, मच्छरदाणी एक, प्रत्येक कपड्यावर नाव आणि हाऊस, अमुक तारखेला दुपारी चारच्या आत हजर. त्यात कोणाच्याही मनात शंका राहत नाही. फील्डक्राफ्टच्या तासालाही आपण हेच शिकतो. आदेश देताना परिस्थिती काय, काम काय, ते कोण कसे करणार, सामान कुठून येणार आणि संपर्क कसा ठेवायचा हे क्रमाने सांगायचे आणि शेवटी 'कोई शक?' म्हणून विचारायचे. 'सेक्शनने गुणवत्तेत वृद्धी करावी' असा आदेश मी दिला तर सर मला मैदानाला किती फेऱ्या मारायला लावतील, ते सांगायला नको. मोज्यांबद्दल आपण एवढे काटेकोर असतो, तर मुलाच्या वाचनाबद्दल का नसावे?

शिक्षकांची बाजूही मला दिसते. कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, आणि वर्ग पाच. त्यातच मध्यान्ह भोजनाची नोंद, सर्वेक्षणे, मतदार यादीचे काम. बैठक बोलावली तर पालक येत नाहीत, अशी त्यांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. पण बैठक दुपारी बारा वाजता ठेवली तर पोती वाहणारा हमाल किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई येणार कशी? तिची त्या दिवसाची मजुरी जाते. संध्याकाळी सात वाजता, वस्तीतल्या एखाद्या ओट्यावर बैठक घेतली तर माझ्या अंदाजाने निम्मे पालक नक्की येतील.

पालकांना रस नसतो हे मला पटत नाही. छत्तीसगडमध्येच 'अंगना म शिक्षा' नावाचा कार्यक्रम आहे. त्यात आया घरातल्या वस्तूंनी मुलांना शिकवतात. भाज्या वेगळ्या करणे, वाट्या लहान-मोठ्या क्रमाने लावणे, डाळीचे दाणे मोजणे. करण्यासारखे काही हातात दिले की आया येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यभर मोठ्या पालक-शिक्षक बैठका झाल्या, तेव्हा 'मेरा कोना' हा विषय होता, म्हणजे घरात मुलाच्या अभ्यासाचा एक कोपरा हवा. आमच्या घरात असा कोपरा एकच आहे. मी होस्टेलला आलो आणि तो बहिणीला मिळाला, त्यामुळे मी परत येऊ नये असे तिला मनापासून वाटते!

माझी खरी काळजी तिच्या वाचनाची आहे. मुलांना तिसरीच्या अखेरपर्यंत समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, हे केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाचे ध्येय आहे. ते ५ जुलै २०२१ ला सुरू झाले आणि त्याची मुदत २०२६-२७ आहे. बहीण अजून बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडत वाचते. घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि पुस्तकात हिंदी, त्यामुळे तिला थोडा जास्त वेळ लागणारच. शाळेला सुधारणा पुढच्या वर्षीच्या यादीत पुन्हा लिहिता येतील, पण तिला तिसरीचे हे एकच वर्ष मिळणार आहे.

म्हणून अकराऐवजी तीनच कामे घ्यावीत, असे मला वाटते. ती मोठ्या अक्षरांत शाळेच्या फाटकाजवळ लावावीत आणि बैठकीत छत्तीसगढीत मोठ्याने वाचून दाखवावीत, कारण काही पालकांना वाचता येत नाही. काम, करणारा, तारीख असे तीन रकाने पुरे. पालकाने करायचे काम असेल तर तिथे पालकाचे नाव लिहावे.

आई जुलैच्या बैठकीला गेली तेव्हा तिने दोन गोष्टी मांडल्या. कडीचे काम आठ दिवसांत झाले, आणि ती बसवली एका मुलीच्या सुतार वडिलांनी. दुसरी गोष्ट वाचनाची. तिसरीतल्या प्रत्येक मुलाने दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तकातला एक छोटा परिच्छेद न अडखळता वाचावा, असे रजिस्टरमध्ये लिहिले गेले, आणि पुढे वर्गाच्या नव्या बाईंचे नाव. ते आईने स्वतः लिहिले, अर्धे हिंदी, अर्धे मराठी. फोनवर तिने सांगितले की पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे आणि बाईंनी मुलांनाही सोबत आणायला सांगितले आहे.