डॉक्टर म्हणजे शिकवणारा

मंडळी, 'डॉक्टर' हा शब्द मूळचा आम्हा मास्तर जमातीचा! लॅटिनमध्ये 'डोकेरे' म्हणजे शिकवणे. त्यावरून 'डॉक्टर' म्हणजे शिकवणारा. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक शिकवणाऱ्यांना ही पदवी असे. पुढे बोलीभाषेत ती वैद्यांना चिकटली. हरकत नाही. पण शब्द घेतला तर शिकवायचे कामही घ्यायला नको का?

'पेशंट' शब्दाचे मूळही लॅटिनच, अर्थ सोसणारा. म्हणूनच इंग्रजीत रोग्यालाही 'पेशंट' म्हणतात आणि धीर धरणाऱ्यालाही. दवाखान्याच्या बाकावर दोन-दोन तास बसून आपण हे दोन्ही अर्थ इमानेइतबारे पाळतो. आत गेल्यावर मात्र दोन मिनिटांत चार इंग्रजी शब्द अंगावर फेकले जातात आणि "नेक्स्ट!"

यातला सर्वांत घातक शब्द मला 'हायपरटेन्शन' वाटतो. लॅटिन 'टेन्डेरे' म्हणजे ताणणे. त्यातून 'टेन्शन' म्हणजे ताण. वैद्यकात हा ताण रक्तवाहिन्यांमधल्या रक्ताच्या दाबाचा. पण आपल्या मराठीत 'टेन्शन' म्हणजे काळजी! मग ऐकणारा म्हणतो, "मला कसलं आलंय टेन्शन? मुलं मार्गी लागली, पेन्शन चालू आहे." आणि गोळ्या बंद. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. आतल्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंड पोखरत राहतो. एका शब्दाच्या दोन अर्थांपायी माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळू शकतो.

'पॉझिटिव्ह'चेही तेच. एरवी पॉझिटिव्ह म्हणजे चांगले. तपासणीच्या कागदावर त्याचा अर्थ 'जे शोधत होतो ते सापडले', म्हणजे बहुतेक वेळा आजार. २०२० साली करोनाने हा अर्थ घरोघरी शिकवला. दर शब्दासाठी आपण एकेका साथीची वाट पाहायची काय?

"मराठीत शब्द नाहीत" ही सबब मला मुळीच मान्य नाही. 'उच्च रक्तदाब' यात न समजण्यासारखे काय आहे? "वेळ नाही" म्हणाल, तर "हा रक्ताचा दाब आहे, काळजी नव्हे, बरे वाटले तरी मला विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही" एवढे सांगायला दहा सेकंद पुरतात. पन्नास मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत समजले की नाही हे पाहावे लागते. इथे तर समोर एकच विद्यार्थी असतो!

तेव्हा डॉक्टरसाहेब, आम्ही आमचे पेशंटपण पाळतो, तुम्ही तुमचे डॉक्टरपण पाळा. आणि वाचकहो, अर्थ समजेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.