जनरेटर कोठें उभा करावा?

कापसाच्या हंगामांत वीज गेली कीं काम खोळंबतें, आणि काम खोळंबलें कीं डिझेलवर चालणारा जनरेटर आणून जिनिंगच्या दारांतच उभा केला जातो. पाऊस आला तर तोच आंत ओढला जातो. बीबीच्या पंचक्रोशींत, किंबहुना सबंध वऱ्हाडांत, हा प्रकार नवा नाहीं. हटकल्यास उत्तर ठरलेलें: "हें पेट्रोल नव्हे, डिझेल आहे, सहजासहजीं पेट घेत नाहीं." आमच्या मतें या अर्धसत्यांतच खरा धोका दडला आहे.

डिझेल पेट्रोलाइतकें ज्वालाग्राही नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु प्रश्न टाकींतील तेलाचा नसून यंत्राच्या भोंवतालच्या हवेचा आहे. जिनिंगच्या शेडमध्यें कापसाचे तंतु व धूळ उडत असते. गोबरगॅसच्या टाकीजवळ मिथेन वायु सुटूं शकतो. हवेंत तो शेंकडा ५ ते १५ या प्रमाणांत मिसळला कीं एक ठिणगी पुरे होते. ती ठिणगी तापलेला सायलेन्सर, धुराबरोबर उडणारी जळती काजळी, बॅटरीचा सैल जोड किंवा साधा खटकाहि देऊं शकतो. कापूस तर आंतल्या आंत धुमसत राहतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं फोर्ट स्टिकिन जहाज उडालें, त्याचा आरंभहि कापसाच्या गाठी धुमसण्यापासून झाला. त्याच जहाजांत दारूगोळा भरलेला होता.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. डिझेल इंजिन हवा ओढून घेतें व ती दाबून तापवितें, आणि त्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. हवेबरोबर ज्वलनशील वायु आंत गेला तर तोच इंधन बनतो. मग इंजिन बेफाम धांवूं लागतें आणि तेल बंद केलें तरी थांबत नाहीं; हवेचें तोंड बंद करणें हाच उपाय. २३ मार्च २००५ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत बाहेर पडलेल्या वाफेनें जवळच्या डिझेल गाडीचें इंजिन असेंच बेफाम झालें. स्फोटांत १५ माणसें प्राणांस मुकलीं. वाफ बहुधा त्या गाडीमुळेंच पेटली, असा चौकशीचा निष्कर्ष आहे.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, जेथें वायु किंवा कापसाची धूळ आहे तेथें यंत्र नेऊं नये, तार न्यावी. वायु यंत्राकडे येणार नाहीं व यंत्राची ठिणगी कापसाकडे जाणार नाहीं, अशी वाऱ्याची दिशा पाहून जनरेटर बाहेर मोकळ्या छपराखालीं ठेवावा. धुराड्यास ठिणगीरोधक जाळी बसवावी. चालू अगर तापलेल्या यंत्रांत डिझेल भरूं नये. वायूच्या जागीं यंत्र अपरिहार्यच असेल तर हवा आपोआप बंद करणारी झडप व ज्वालारोधक म्हणून मंजूर झालेलें विद्युत् सामानच घ्यावें. अशी मंजुरी देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची मुख्य कचेरी आपल्याच नागपुरास आहे.

तार लांबविण्यास खर्च येतो, हें आम्ही जाणतों. तो जिनिंगच्या मालकांनीं व सहकारी संस्थांनीं उचलावा; कारण आगींत जळणारा माल शेतकऱ्याचा असतो आणि आंत सांपडणारा मजूरहि बहुधा त्याच्याच घरचा असतो. यंदा वेचणीपूर्वींच प्रत्येक गोदामाबाहेर यंत्राची जागा चुन्यानें आंखून ठेवावी. वीज गेल्यावर अंधारांत व घाईंत ती शोधण्याची पाळी येऊं नये.