ई-रिक्षा घेताय? बॅटरीचा हिशेब आधी मांडा

मुकुंदवाडी स्टेशनहून जालना रोडकडे प्रवासी नेणाऱ्या ई-रिक्षाचालकाची कमाई बॅटरीवर चालते. सुरुवातीला दिवसभर पुरणारी बॅटरी पुढे दुपारीच मान टाकू लागली, की फेऱ्या घटतात. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून ‘एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर?’ एवढेच विचारून भागत नाही.

बॅटरी लवकर का बसते?
स्वस्त ई-रिक्षांत बहुधा १२ व्होल्टच्या चार लेड-अॅसिड बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट मिळवतात. एक कमजोर झाली, तरी सगळा संच मार खातो. रोज पार उतरेपर्यंत वापर, अर्धवट चार्जिंग, डिस्टिल्ड वॉटरकडे दुर्लक्ष आणि मराठवाड्यातला ४० अंशांवरचा उन्हाळा यांनी तिचे आयुष्य आणखी घटते.

लिथियम परवडते का?
लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असते. पण लेड-अॅसिड बॅटरी काहीशे चार्जिंगमध्ये थकते, तर ही चांगल्या दर्जाची असल्यास दोन हजारांच्या आसपास टिकू शकते. त्यामुळे नुसती किंमत नको, एका चार्जिंगमागचा खर्च पाहा.

मग करायचे काय?
सगळा दोष चालकाच्या माथी मारणे सोपे आहे. वॉरंटी किती महिन्यांची आणि क्षमता किती घटल्यावर बॅटरी बदलून मिळणार, हे विक्रेत्याने मराठीत लेखी द्यायला हवे. कर्ज देणाऱ्यांनीही दुसऱ्या बॅटरीचा खर्च हिशेबात धरावा. नाहीतर बॅटरी भंगारात जाईल आणि हप्ते सुरूच राहतील.